उरलेल्या तिकिटाचे पैसे कुणाचे?



आजचा विषय छोटा वाटेल, पण जवळजवळ प्रत्येक गटाच्या वहीत तो कुठे ना कुठे अडकलेला असतो. गटाची सहल ठरते. पस्तीस तिकिटं आगाऊ काढली जातात. निघायच्या दिवशी कुणाच्या सासूबाई दवाखान्यात असतात, कुणाच्या रानात कांद्याची लागण चालू असते, कुणाच्या उसाला नेमकी तोड येते. जातात तीस जणी. उरलेली पाच तिकिटं पाकिटात घालून गटाच्या पेटीत पडतात आणि पुढे वर्ष-दोन वर्षं तिथेच राहतात. घरातही तेच. सुट्टीत मुलांसाठी वॉटर पार्कची तिकिटं काढलेली असतात, मुलाला ताप येतो, बेत फिरतो आणि तिकिटं कपाटात साड्यांखाली जातात.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत गटांचं काम बघताना आम्हा समन्वयकांना हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. ही तिकिटं वापरता येतील का? आणि त्याहून अवघड प्रश्न, जो बाया हळू आवाजात विचारतात : जी आली नाही तिचे पैसे बुडाले असं धरायचं का? काही गटांत यावरून दोन जणींचं बोलणं बंद झालेलं आम्ही पाहिलं आहे. रक्कम हजार-बाराशेची असते. पण ती मजुरीतून, दुधाच्या पैशांतून बाजूला काढलेली असते.

उत्तर शोधण्यासाठी जरा मागे जाऊ. तिकीट या कागदाचा इतिहास पाहिला, तर असं दिसतं की हा वाद आपल्या गटातला नाही. तो दीडशे वर्षांहून जुना आहे.

परतीचा अर्धा तुकडा

दौंडपासून सुरुवात करू, कारण आपल्या भागात छापील तिकीट आलं ते रेल्वेबरोबर. भीमेकाठचं हे गाव इंग्रजांच्या कागदांत 'धोंड' म्हणून लिहिलं जायचं. १८७८ मध्ये धोंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. त्याआधीची दोन वर्षं मोठ्या दुष्काळाची होती.

जुनं रेल्वे तिकीट आपल्यापैकी अनेकींनी हातात धरलेलं आहे. जाड पुठ्ठ्याचं, दोन बोटांएवढं, वर क्रमांक, आणि खिडकीतला बाबू ते एका यंत्रात घालून खट्कन तारीख उमटवायचा. ही पद्धत थॉमस एडमंडसन नावाच्या एका इंग्रज स्टेशनमास्तरने १८३० नंतरच्या दशकात काढली. तो आधी लाकडी सामान बनवणारा कारागीर होता. त्याच्याआधी तिकिटं हाताने लिहून देत. त्यात वेळ जायचा आणि किती तिकिटं विकली, किती पैसे आले, याचा मेळ बसायचा नाही. एडमंडसनने प्रत्येक तिकिटाला आधीच क्रमांक छापला. सकाळचा पहिला क्रमांक आणि संध्याकाळचा शेवटचा क्रमांक पाहिला की हिशोब लागला. आपण पावतीपुस्तकावर क्रमांक छापून घेतो, ते याच कारणासाठी.

याच काळात रेल्वेने जाण्या-येण्याचं एकत्र तिकीट काढलं. दोन वेगळी तिकिटं घेण्यापेक्षा ते स्वस्त पडायचं. पण माणूस जायचा आणि त्याचं परतणं लांबायचं, किंवा तो दुसऱ्या वाटेने घरी यायचा. मग परतीचा तुकडा हातात उरायचा. पैसे तर दिलेले. असा तुकडा स्टेशनाबाहेर कुणाला तरी कमी पैशांत देऊन टाकायचा मोह व्हायचा. दोघांचाही फायदा होता, फक्त रेल्वेला तो नुकसानीचा वाटायचा. म्हणून १८९० च्या रेल्वे कायद्यात, परतीच्या तिकिटाचा अर्धा भाग दुसऱ्याला विकणं हा गुन्हा ठरवणारं स्वतंत्र कलमच घातलं गेलं. एवढ्याशा तुकड्यासाठी कायद्यात कलम घालावं लागलं, यावरूनच तो किती हातांतून फिरत असेल ते समजतं. १९८९ च्या आजच्या रेल्वे कायद्यातही आपलं तिकीट किंवा पास परस्पर दुसऱ्याला विकायला किंवा द्यायला मनाई आहे.

इथे दोन बाजू पहिल्यांदा समोरासमोर आल्या. रेल्वेचं म्हणणं, आम्ही वचन दिलं ते या माणसाला, या दिवसासाठी. कागद ज्याच्या हातात असेल त्याला नाही. प्रवाशाचं म्हणणं, जागेचे पैसे मी मोजलेत, मग त्या जागेवर कोण बसतं याच्याशी तुम्हाला काय करायचं? आजही प्रत्येक उरलेल्या तिकिटामागे हेच भांडण असतं.

पुढे रेल्वेने थोडी वाट मोकळी केली. आरक्षित आणि पक्कं झालेलं तिकीट गाडी सुटण्याच्या २४ तास आधी अर्ज देऊन आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको यांच्या नावावर करता येतं, एकदाच. सासू, जाऊ, नणंद त्या यादीत नाहीत, हे ध्यानात ठेवा. आणि २०१५ च्या नियमांत, साधं अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांच्या आत खिडकीवर परत केलं, तर माणशी ३० रुपये कापून बाकीचे पैसे देण्याची तरतूद झाली. दौंडहून पुण्याच्या छोट्या तिकिटात त्यातून फारसं काही उरत नाही, पण लांबच्या तिकिटात उरतं. आपल्याकडे बाया तिकीट चुरगाळून टाकतात आणि गाडी चुकली म्हणत घरी येतात.

पाठीवर लिहिलेली बाकी

शिरूर गावाला रेल्वे नाही. घोडनदीकाठचं हे गाव पुणे-नगर रस्त्यावर वाढलं, आणि त्या रस्त्याचा एक मान आहे. राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, यांच्या दरम्यान धावली, ती याच रस्त्याने. त्या गाडीचे वाहक लक्ष्मण केवटे यांचं नाव एसटीच्या इतिहासात राहिलं आहे. १ जून हा एसटीचा वर्धापनदिन म्हणून आजही साजरा होतो.

एसटीचं तिकीट रेल्वेपेक्षा वेगळं होतं. पातळ रंगीत कागदांच्या गड्ड्या, पत्र्याची पेटी, आणि कंडक्टरच्या हातातला चिमटा. पण आपल्या विषयाला महत्त्वाची आहे ती तिकिटाची मागची बाजू. सुटे पैसे नसले की कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून द्यायचा आणि म्हणायचा, उतरताना घ्या. मैत्रिणींनो, त्या क्षणी एकाच कागदावर दोन देणी लिहिलेली असत. पुढच्या बाजूला एसटीचं देणं, की तुम्हाला अमुक गावाला पोचवू. मागच्या बाजूला पैशाचं देणं, की तुमचे एवढे रुपये आमच्याकडे आहेत. गावाला पोचलो म्हणजे पहिलं देणं फिटलं. दुसरं मात्र मागून घ्यावं लागायचं. एका कडेवर मूल, एका हातात पिशवी, मागून उतरणाऱ्यांची घाई. अशात ते दुसरं देणं किती जणींचं गाडीतच राहून गेलं असेल! ते पैसे आपले नव्हते असं कुणी म्हणणार नाही. आपण मागितले नाहीत, एवढंच.

उरलेल्या तिकिटाकडे बघण्याची रीत या लिहिलेल्या बाकीने शिकवली. वापरलं न गेलेलं तिकीट हा रद्दी कागद नाही. ते येणं आहे. कुणीतरी आपले पैसे आगाऊ घेतले आहेत आणि त्या बदल्यात द्यायचं ते अजून दिलेलं नाही.

'अ' पासून 'ई' पर्यंत

आता बागांकडे वळू. पाळणे, घसरगुंड्या, आगगाड्या असलेली मोठी करमणूक बाग म्हटलं की जगात पहिलं नाव निघतं डिस्नेलँडचं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात ती १७ जुलै १९५५ रोजी उघडली. थोड्याच महिन्यांत तिथे कुपनांची पुस्तकं सुरू झाली. खेळांचे वर्ग केले होते. साध्या खेळाला 'अ' वर्गाचं कुपन, त्याहून चांगल्याला 'बी', 'सी', पुढे 'डी', आणि १९५९ मध्ये सगळ्यात भारी खेळांसाठी 'ई'. पुस्तकात सगळ्या वर्गांची थोडी थोडी कुपनं असत.

मग काय व्हायचं? आपल्या जत्रेतही जे होतं तेच. मुलं आधी मोठ्या पाळण्याकडे धावायची. 'ई' कुपनं दुपारपर्यंत संपायची आणि संध्याकाळी आईच्या पर्समध्ये 'अ' आणि 'बी' ची कुपनं उरायची. ती घरी जायची आणि खणात पडून राहायची. १९८२ मध्ये कुपनांची ही पद्धत बंद झाली आणि एकदा प्रवेश घेतला की सगळे खेळ खुले, अशी पद्धत आली. पण घरोघरी उरलेली कुपनं रद्दी ठरली नाहीत. ती घेऊन येणाऱ्याला त्यांच्यावर छापलेली रक्कम नव्या प्रवेशाच्या किमतीतून वजा करून देत. रक्कम जुन्या काळातली, म्हणजे किरकोळ असायची, पण तत्त्व महत्त्वाचं होतं. खेळ बंद झाला, भाव वाढला, तरी आगाऊ घेतलेले पैसे घेतलेलेच आहेत, हे मान्य केलं गेलं.

आपल्या देशात दिल्लीचं अप्पूघर १९८४ मध्ये सुरू झालं. १९८२ च्या आशियाई खेळांचं बोधचिन्ह असलेल्या अप्पू हत्तीवरून त्याला नाव मिळालं. ते २००८ मध्ये बंद झालं. आपल्या जिल्ह्यात निगडीलाही अप्पूघर आहे. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड आलं आणि १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम. प्रासंगिक करारावर एसटी घेऊन पहाटे निघायचं, खाडी बोटीतून ओलांडायची आणि रात्री उशिरा परत यायचं, ही सहल त्या काळच्या शाळकरी मुलांना अजून आठवते. पुढे एप्रिल २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं आणि आपल्या गटांना, शाळांना एका दिवसात जाऊन येण्यासारखी मोठी बाग मिळाली.

या काळात तिकीट बदललं. पूर्वी पाळण्याच्या तिकिटावर तारीख नसायची. आता दिवस ठरलेला असतो. सुट्टीच्या दिवसाचा भाव वेगळा, आडदिवसाचा वेगळा, शाळेचा वेगळा, घोळक्याचा वेगळा. बागवाल्यांचंही एक खरं आहे. एका दिवसात किती माणसं आत घ्यायची याला मर्यादा असते, आणि रिकामा गेलेला दिवस पुन्हा विकता येत नाही. म्हणून ते म्हणतात, स्वस्तात दिलं, तर त्याच दिवशी या. सवलतीचं तिकीट जेवढं स्वस्त, तेवढी त्याची अट कडक. ही गोष्ट तिकीट काढताना आपल्याला कुणी समजावून सांगत नाही. ती बारीक अक्षरात असते, किंवा मोबाइलवर 'मान्य आहे' या खुणेमागे असते.

सगळ्या देशाची तिकिटं एकदम उरली तेव्हा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. प्रवासी गाड्या थांबल्या, विमानं थांबली, बागा बंद झाल्या. पाच-दहा नव्हे, देशभरातल्या लाखो लोकांची तिकिटं एकाच वेळी उरली. मग हा आपल्या पेटीतला प्रश्न थेट सरकारपुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे गेला.

रेल्वेने रद्द केलेल्या गाड्यांचे पूर्ण पैसे परत द्यायचं ठरवलं. खिडकीवर काढलेल्या तिकिटांसाठी मुदत वाढवत नेली. २१ मार्च ते ३१ जुलै २०२० मधल्या प्रवासाची तिकिटं प्रवासाच्या तारखेपासून नऊ महिन्यांपर्यंत परत करता येतील, असं झालं. पण त्यासाठी तो कागद हातात असावा लागत होता. ज्यांनी जपला त्यांना पैसे मिळाले.

विमान कंपन्या मात्र रोख द्यायला तयार नव्हत्या. रक्कम आमच्याकडे तुमच्या नावे जमा ठेवतो, पुढे कधी प्रवास करा, असं त्या म्हणत होत्या. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. टाळेबंदीत काढलेल्या टाळेबंदीतल्याच प्रवासाच्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत द्या, असं त्यात होतं. आधी काढलेल्या तिकिटांच्या बाबतीत, अडचणीतल्या कंपनीला रक्कम ३१ मार्च २०२१ पर्यंत जमा ठेवायची मुभा मिळाली. पण न्यायालयाने दोन अटी घातल्या. एक, ती जमा रक्कम प्रवाशाला दुसऱ्या कुणालाही देता येईल. दोन, रक्कम वापरायला उशीर होईल तशी ती वाढत जाईल : ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि त्यानंतर दरमहा पाऊण टक्का.

बचत गटातल्या बाईला हा निकाल पटकन समजेल. दरमहा अर्धा टक्का, पाऊण टक्का ही आपली भाषा आहे. गटातून एखादीने हजार रुपये उचलले तर आपण वहीत नाव लिहितो, तारीख लिहितो, महिन्याचं व्याज लावतो. मग आपले हजार रुपये तिकिटाच्या रूपाने दुसऱ्याकडे पडून असतात, तेव्हा ते वहीत का दिसत नाहीत? न वापरलेलं तिकीट म्हणजे आपण दिलेलं बिनव्याजी कर्ज आहे. १८९० मध्ये कायदा रेल्वेच्या बाजूने उभा राहिला होता. १३० वर्षांनी न्यायालयाने निदान या एका संकटात सांगितलं की पैसे ज्याने दिले त्याचे आहेत, कागद ज्याला द्यायचा त्याला तो देऊ शकतो, आणि थांबायला लावलं तर त्याची भरपाई द्या.

मग आपण काय करायचं?

आधी एक फरक नीट समजून घेऊ. बाग त्या दिवशी बंद राहिली, सांगितलेले खेळ चालू नव्हते, किंवा पैसे घेऊन प्रवेश नाकारला, तर तो सेवेतला दोष आहे. तिथे ग्राहक कायदा आपल्या बाजूने बोलतो. पण आपणच गेलो नाही, तर तिकिटावरची अट आधी बघितली जाते. म्हणून सरसकट 'पैसे परत द्या' म्हणण्याआधी तिकीट काढून वाचा. त्यावर चार गोष्टी शोधा : तारीख ठरलेली आहे की अमुक दिवसांपर्यंत चालेल असं लिहिलंय, नाव छापलंय की नाही, दुसऱ्याला देता येतं का, आणि तारीख बदलायची सोय आहे का, किती आधी कळवायचं.

तारीख गेली असेल तरी तिकीट फेकू नका. बागेच्या कार्यालयाला लेखी विचारा : एवढी तिकिटं वापरली गेली नाहीत, यांचे क्रमांक असे, यांची रक्कम पुढच्या सहलीच्या तिकिटांतून वजा कराल का? डिस्नेलँडच्या कुपनांची गोष्ट हेच सांगते की रोख परत देणं विकणाऱ्याला जड जातं, पण पुढच्या खरेदीत वळतं करून देणं सोपं जातं, कारण त्यात त्याला पस्तीस नवी गिऱ्हाइकं दिसत असतात. आडदिवशी येतो म्हणा. गर्दी नसलेल्या दिवशी जागा रिकामीच असते. आणि तोंडी नव्हे, लेखी विचारा, म्हणजे उत्तरही लेखी येतं.

तिकीट बाहेर विकायच्या भानगडीत मात्र पडू नका. विशेषतः रेल्वेचं. बागेच्या तिकिटावर नाव नसेल आणि मनाई नसेल, तर ते दुसऱ्या गटाला मूळ किमतीत द्यावं, पावती करून.

सेवेत दोष असेल आणि कुणी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्याला मोठी सोय दिली. विकणारा मुंबईचा असो की रायगडचा, आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. शिरूर-दौंडच्या बाईने पुण्यात तक्रार केली तरी चालते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, म्हणून पेटीतलं पाकीट वर्षानुवर्षं तसंच ठेवू नका.

एक साधी काळजीही घ्या. हल्ली यंत्रातून निघणाऱ्या तिकिटाची शाई काही महिन्यांत उडते आणि कागद कोरा होतो. तिकीट हातात आलं की त्याचा फोटो काढा किंवा झेरॉक्स करून वहीला लावा.

गटातला न्याय

आता तो हळू आवाजातला प्रश्न. जी आली नाही तिचे पैसे बुडाले का? आम्हाला वाटतं, नाही. तिकीट वळतं झालं किंवा कुणी वापरलं, तर आलेली रक्कम तिचीच. काहीच मिळालं नाही तर तोटा कुणी सोसायचा, हे सहलीआधी ठरवून ठरावात लिहा. सहलीनंतर ठरवायला बसलं की जी गैरहजर असते तिच्याच विरुद्ध निकाल लागतो. काही गट प्रत्येकीकडून सहलीच्या वेळी दहा-वीस रुपये जास्त घेतात आणि त्यातून न येऊ शकणाऱ्या मैत्रिणीचा तोटा भरतात. ही रीत चांगली आहे. आज तिच्यावर आलेली वेळ उद्या आपल्यावर येणार असते. आणि वहीत 'येणे' या बाजूला तिकिटांचे क्रमांक, रक्कम आणि शेवटची तारीख लिहा. वहीत दिसलं की विचारलं जातं.

शेवटी एक गोष्ट आपल्या स्वतःसाठी. आता आपण फक्त तिकीट काढणाऱ्या राहिलो नाही. शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला शहरातून माणसं मोर बघायला, हुरडा खायला येतात. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, आणि आपल्या गटांतल्या बाया जेवण, हुरडा पार्टी, मुक्काम यांचे पैसे आगाऊ घेऊ लागल्या आहेत. म्हणजे खिडकीच्या आतल्या बाजूला आता आपण बसलो आहोत. पुण्याची एखादी बाई आजारी मुलामुळे येऊ शकली नाही, तर तिला काय सांगायचं? भाकरीचं पीठ मळलेलं असतं, कणसं भाजायला आणलेली असतात, त्यामुळे सगळे पैसे परत देणं आपल्यालाही परवडत नाही. पण पावतीवर मोठ्या अक्षरात लिहिता येईल : दोन दिवस आधी कळवल्यास पैसे परत, नंतर कळवल्यास याच हंगामात दुसऱ्या दिवशी या, पावती नात्यातल्या किंवा ओळखीच्या कुणालाही देता येईल. जे आपल्याला इतरांकडून हवं आहे, ते आपण आधी देऊ. अशी पावती देणाऱ्याकडे माणूस पुन्हा येतो.

तर पुढच्या बैठकीला येताना घरातली जुनी तिकिटं घेऊन या. अजून चालणारी, विचारून बघण्यासारखी आणि खरोखर मुदत संपलेली, असे तीन भाग करू. पहिल्या दोन भागांचे अर्ज त्याच दिवशी लिहू. तिसऱ्या भागातली तिकिटं गटाच्या वहीत चिकटवू. एसटीचं चिमट्याने टोचलेलं तिकीट, रेल्वेचा पुठ्ठा, पाळण्याचं कुपन, हे सगळं आपल्या गावातल्या बाया कुठे कुठे गेल्या, याचीच नोंद आहे.